गॅरेज की आयटीआय?

दहावीनंतरच्या वाटा : भाग ६

मागच्या आठवड्यात फिटर आणि टर्नर पाहिले. आज मोटर मेकॅनिक. खानापूर तालुक्यात या विषयावर घरोघरी मतं आहेत. जांबोटी, नंदगड, लोंढा, कुठल्याही रस्त्याला लागा, गॅरेज दिसतंच आणि मेस्त्रीच्या हाताखाली दोन-चार पोरं तयार होत असतात. म्हणून पालकांचा प्रश्नही ठरलेला असतो: मेस्त्रीकडे काम शिकायला मिळतंय, वर हातखर्चालाही सुटतंय, मग आयटीआयत दोन वर्षं कशाला घालवायची?

माझं मत असं की ती दोन वर्षं द्यावीत. गॅरेजात हात बसतो, आणि तो दुसरीकडे कुठे तसा बसत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण नट सोडवण्याआधी बिघाड कुठे आहे हे शोधून काढायची शिस्त गॅरेजच्या गर्दीत कुणी शिकवत बसत नाही. गिऱ्हाईक दारात उभं असतं.

आपल्याकडच्या पावसाळ्यातली रोजची तक्रार घ्या. वडापची जीप सकाळी चालू होत नाही. चावी फिरवली की नुसतं ‘टक्’ वाजतं. बॅटरी गेली म्हणून नवी घातली जाते, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. शिकलेला मुलगा आधी मल्टीमीटर काढतो. बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले, म्हणजे बॅटरी भरलेली आहे. मग तो मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावतो, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगतो. काटा जवळजवळ शून्यावर राहायला हवा. तो अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर करंट परत येण्याच्या वाटेत अडथळा आहे. वाकून पाहिलं की सापडतं: अर्थिंगची पट्टी जिथे चॅसिसला बोल्टने आवळलेली असते तिथे तांबड्या चिखलाखाली गंज चढलेला असतो. पट्टी सोडायची, ब्रशने घासून धातू चकचकीत करायचा, पुन्हा आवळायची. गाडी चालू. याउलट, स्टार्टर मारताना खुद्द बॅटरीचेच व्होल्ट ९.६ च्या खाली कोसळले, तर मात्र बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे. वर्गात फळ्यावर ओहमचा नियम रटाळ वाटतो. त्याची किंमत इथे कळते, कारण गिऱ्हाइकाचे काही हजार रुपये वाचलेले असतात.

ब्रेक ऑइलचंही तसंच. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ वर येते. भरलेला टेम्पो चोर्ला घाट उतरत असताना ब्रेक तापतात, जुनं ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं. हे ठाऊक असलेला मेकॅनिक पातळी बघून ऑइल वरून ओतत नाही, मुदत झाली की पूर्ण बदलतो.

आता अभ्यासक्रम. मेकॅनिक मोटर व्हेइकल हा ट्रेड दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिक एका वर्षाचा. दोन्हींना एसएसएलसी पास लागते. सुरुवातीला फाइल मारणं, व्हर्निअर, मायक्रोमीटर, फिलर गेज. मग इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, वायरिंग. पॉलिटेक्निकचा ऑटोमोबाइल डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यात गणित आणि ड्रॉइंग जास्त. आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचीही वाट आहे, ती लक्षात ठेवा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि या धंद्याचा चेहरामोहराच बदलला. मोटरसायकलचा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. पूर्वी कानाने आवाज ऐकून जे कळायचं ते आता सेन्सर सांगतो, पण तोही अर्धंच सांगतो. स्कॅनर लावला आणि ‘पी ०१७१’ हा कोड आला, तर एवढंच कळतं की इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. हवेचा पाइप कुठे फुटलाय, पंप कमी दाब देतोय, की हवा मोजणारा सेन्सर मळलाय, हे शोधायचं काम माणसाचंच. इलेक्ट्रिक मोटारीत तर नारिंगी आवरणाच्या केबल दिसल्या की प्रशिक्षण नसलेल्याने हात लावूच नये. तिथे चूक जिवावर बेतते.

भाषेचा प्रश्न आपल्या भागात टाळता येत नाही. मराठी शाळेतून आलेल्या मुलाच्या कानावर वर्गात कन्नड पडतं, पुस्तकात इंग्रजी असतं, आणि पहिल्या महिन्यातच तो गप्प बसायला लागतो. हुशार मुलं याच कारणाने गळताना पाहून जीव तुटतो. चेन्नईची निमी ही केंद्र सरकारची संस्था आयटीआयची पुस्तकं काढते, आणि ती इंग्रजीबरोबरच मराठी, कन्नड, हिंदी या भाषांतूनही निघतात. मराठी पुस्तक शेजारी ठेवून इंग्रजी वाचावं. कन्नडही मन लावून शिकावं. उद्या गिऱ्हाईकही त्याच भाषेत बोलणार आहे.

प्रवेश घेण्याआधी पालकांनी स्वतः वर्कशॉप बघून यावं. संस्थेला, आणि नेमक्या त्याच ट्रेडला, केंद्र सरकारची (पूर्वीच्या एनसीव्हीटीची) मान्यता आहे का ते विचारावं. इंजिन मुलांना खोलायला मिळतं की काचेच्या कपाटात ठेवलंय, स्कॅनर आहे का, मल्टीमीटर किती मुलांत एक, हे पाहावं. इमारतीच्या रंगाकडे लक्ष देऊ नये.

शिकणं आणि कामाला हात घालणं यांची सांगड बेळगाव जिल्ह्याला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवत होते, आणि किर्लोस्करांच्या कारखानदारीची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाली. आज त्याच सांगडीचं नाव अप्रेंटिसशिप. १९६१ च्या कायद्याने तिला आधार दिलाय, आणि त्या काळात विद्यावेतनही मिळतं. वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस घेतात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये बसगाड्या रोज येतात, त्यामुळे क्लच आणि ब्रेकचं काम तिथे भरपूर हाताखालून जातं. गावातल्या मेस्त्रीकडे जायचंच असेल तर सुट्टीत जावं, दोन वर्षं जात राहावं. खानापूरहून बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर. रोज आयटीआयला जाऊन-येऊनही सुट्टीचा दिवस गॅरेजला देता येतो.

पुढच्या भागात अप्रेंटिसशिपचा अर्ज कसा भरायचा, कोणती कागदपत्रं लागतात आणि करारावर सही करण्याआधी काय वाचायचं, ते पाहू.