नावात झाड, रानात?

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील काही गावांची नावे मोठ्याने वाचा : हिरडपाडा, पिंपळशेत, जांभूळविहीर, पळसुंडा. हिरडा, पिंपळ, जांभूळ, पळस अशी झाडांची हजेरीच लागली, नाही का?

मग त्या त्या गावाभोवती त्या त्या झाडांचे रान असणार, असे तुम्ही म्हणाल. पण जरा थांबा. नाव ठेवतात कशासाठी? एक जागा दुसरीहून वेगळी ओळखता यावी म्हणून. जे झाड सगळ्याच डोंगरांवर आहे, त्याच्यावरून एखादा पाडा कसा ओळखणार? तेव्हा दोन शक्यता उरतात. ते झाड तेथे शेजारच्या गावांपेक्षा पुष्कळ असेल, किंवा एकच, पण दुरून नजरेत भरणारे असेल.

जगात दोन्ही प्रकार आढळतात. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांना तांबडा रंग देणारे एक झाड विपुल मिळाले. आपल्याकडील पतंग वृक्षाचे ते भाईबंद. त्याच्यावरून देशाला ब्राझील हे नाव पडले. पुढे त्याची इतकी तोड झाली, की आज ते रानात दुर्मिळ आहे. याउलट कॅलिफोर्नियातील पालो आल्तो या शहराचे नाव एकाच रेडवुड वृक्षावरून पडले. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ 'उंच झाड'. ते हजार वर्षांचे झाड अजून उभे आहे.

जव्हार संस्थान १९४८ साली विलीन झाले. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. राज्ये व जिल्हे बदलतात, झाडे तुटतात, पण पाड्याचे नाव लोकांच्या तोंडी टिकते. म्हणून नाव हा जुन्या रानाचा पुरावा ठरू शकतो. मात्र तो तपासून घ्यावा लागतो. मोखा नावाचा एक वृक्ष आहे. तेवढ्यावरून 'मोखाडा' त्याचेच, असे म्हणता येणार नाही. नाद जुळणे म्हणजे सिद्धता नव्हे.

तपासणी तुम्हीच करा. वहीत चार रकाने आखा : गावाचे नाव, नावातील झाड, आज गावात अशी झाडे किती, शेजारच्या गावात किती. झाड नसेल तर वडीलधाऱ्यांना विचारा : ते कोठे होते, केव्हा गेले? ही नोंद लवकर करा. झाड पाहिलेली माणसे गेली, की उरेल ते केवळ नाव.