अतिअकाली बाळ : पालकांनी लक्षात ठेवावं असं

● व्याख्या : ३७ आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ अकाली, २८ आठवड्यांआधीचं अतिअकाली.

● सुधारित वय : २६ आठवड्यांचं बाळ १४ आठवडे आधी आलेलं असतं. ते सहा महिन्यांचं झालं, की त्याची वाढ साधारण तीन महिन्यांच्या बाळाशी ताडून पाहावी. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब धरावा. लसी मात्र सहसा जन्मतारखेनुसारच.

● डोळे : डोळ्याच्या पडद्याची ‘आरओपी’ (अकाली बाळांना होणारा पडद्याचा विकार) तपासणी जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांतच करावी. वेळेवर उपचारांनी अंधत्व टळू शकतं.

● कांगारू पद्धत : बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा इथे सुरू झाली. वडील, आजीही ती देऊ शकतात.

● दूध : आईचं दूध पुरेसं नसेल, तर मातृदुग्धपेढीतलं दूध मिळू शकतं का, हे विचारा. आशियातली पहिली अशी पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली.

● सोबत : अतिदक्षता कक्षाबाहेर बसलेल्या इतर आईवडिलांशी बोला. पालकांचा गट आहे का, हे परिचारिकांना विचारा. ज्यांची मुलं या टप्प्यातून बाहेर पडली आहेत, त्यांनी नव्या पालकांना जरूर भेटावं; अशा अनुभवाची त्यांना फार गरज असते.