कुलूप नसलेले कपाट

संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे आणि ‘हात लावू नये’ ही पाटी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. पुण्याला ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात याच्या अगदी उलट रीतीचे एक स्थान आहे. ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ हे त्याचे नाव. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून ते उभे राहिले. तेथे पाहावयाचे कमी आणि करावयाचे अधिक. आणि करावयाचे तेही बहुधा काड्या, बाटल्या, जुनी वर्तमानपत्रे, अशा आपण केरात टाकतो त्या सामानातून.

ही रीत तेथे रुजविली अरविंद गुप्ता यांनी. कानपूरच्या आय.आय.टी.तून १९७५ साली पदवी घेऊन ते पुण्याच्या टेल्को कारखान्यात लागले. १९७८ साली रजा घेऊन ते होशंगाबाद जिल्ह्यातील विज्ञानशिक्षणाच्या कार्यात गेले. खेड्याच्या बाजारात मिळेल त्यातूनच शाळेची साधने करावयाची, हे त्यांनी तेथे मनाशी पक्के केले. पुढे २००३ पासून दहा वर्षांहून अधिक काळ ते आयुकात होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दोन उदाहरणे सांगतो. सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे घ्या आणि त्यांत आगकाड्या खोवून चौकोन करा. दाबला की तो कलतो. त्रिकोण मात्र कितीही दाबा, हलत नाही. चौकोनात एक तिरपी काडी घाला, तोही ताठ उभा राहतो. कारखान्याच्या पत्र्याखालची लोखंडी कैची त्रिकोणांचीच का असते, हे पोराला तेथेच उमगते.

दुसरे, विजेची मोटार. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तांब्याच्या वार्निशी तारेचे वेटोळे, एवढेच सामान. तारेच्या एका टोकाचे वार्निश पुरते खरवडावयाचे, दुसऱ्याचे एकाच बाजूने. दोन्ही पुरती खरवडली तर अर्ध्या फेऱ्यात मिळालेला रेटा उरलेल्या अर्ध्यात उलटतो आणि वेटोळे अडते. एका बाजूचे वार्निश त्या अर्ध्या फेऱ्यात प्रवाह तोडते आणि वेटोळे वेगाच्या जोरावर पुढे जाते.

आता कोणी म्हणेल, ही गरिबाची काटकसर झाली. माझे मत निराळे आहे. माझ्या शाळेत विज्ञानाच्या साहित्याचे कपाट होते; त्याचे कुलूप साहेबांची तपासणी आली म्हणजेच निघे. पुढे कामाला लागलो तेव्हा मोडलेल्या हत्याराचे पैसे पगारातून कापले जात. अशा ठिकाणी उमेदवार सांगितले तेवढेच करतो. यंत्र असे का चालते, हे विचारावयास त्याचा हात धजत नाही. महाग वस्तू भीती शिकविते. आगकाडी मोडली तर कोणाचे काय जाते? टाकाऊ वस्तूचे मोल स्वस्ताईत नाही, चुकण्याची मुभा देण्यात आहे.

साताऱ्यात आणि सांगलीत औद्योगिक वसाहती आहेत, मोटारी भरणारे कारागीर आहेत, भंगाराची दुकाने आहेत. तारेचे तुकडे, जुनी बेअरिंगे, चुंबके तेथे पडलेली असतात. एक खोली, एक लांब टेबल आणि आठवड्याला एक संध्याकाळ देणारे दोन जाणते कारागीर मिळाले, तर आरंभ होऊ शकतो. अट एकच: तेथल्या कपाटाला कुलूप नसावे. आपल्या मुलांना यंत्राची नुसती चाकरी करावयास लावावयाचे नसेल, तर ते आधी त्यांना उघडून पाहू दिले पाहिजे.