जुनं पिस्तूल अस्सल की जुळवलेलं? आधी नंबर बघा

आजोबांचं जुनं घड्याळ मी हौसेने पॉलिश केलं, आणि जाणकाराने कपाळावर हात मारला. जुन्या लष्करी पिस्तुलाचंही अगदी तसंच असतं.

उदाहरण घेऊ जर्मन लुगर पी-०८चं. जर्मन सैन्याने ते १९०८ मध्ये स्वीकारलं. फ्रेमवर आणि नळीवर पूर्ण सिरियल नंबर, छोट्या भागांवर बहुतेक शेवटचे दोन आकडे. आमच्या कोडिंगच्या भाषेत हा चेकसम! एक भाग जरी वेगळा निघाला, तरी किंमत धाडकन उतरते. म्हणूनच ठग जुना नंबर घासून नवा ठोकतात. भिंगातून बघा: आकड्यांभोवती धातू खोलगट वाटतो का? आकड्यांचं वळण वेगळं आहे का?

चेंबरवर १९१७ आणि १९२० अशी दोन वर्षं दिसली, तर लगेच 'नकली' म्हणू नका. पहिलं वर्ष बनवल्याचं. १९२० हा युद्धानंतर मारलेला सरकारी मालकीचा शिक्का.

आणि झिजलेला निळसर रंग तसाच राहू द्या. नवा मुलामा दिला, की संग्राहक पाठ फिरवतो.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं: शंभर वर्षं जुनं असलं तरी ते चालू शकतं. घरात असं काही सापडलं, तर हात लावू नका, आधी पोलिसांना कळवा. भेटू पुढच्या भागात!