चित्रपटांतील दुकानांच्या पाट्या व मालाचे मार्के : कालनिर्णयाचें एक साधन

जुन्या कागदावर मिति नसली म्हणजे त्यांतील मुक्काम, शिक्का, अक्षराचें वळण आणि कागदांतील जलचिन्ह यांवरून आपण त्याचा काळ ठरवितों. मिति नसलेलें, किंवा भलतीच मिति घातलेलें, चित्रपटाचें छायाचित्र हातीं आलें तर काय करावें, हा प्रश्न अलीकडे संग्राहकांपुढें वारंवार येऊं लागला आहे. एकपडदा चित्रपटगृहें बंद पडत चाललीं असून त्यांच्या दर्शनी भागांत लावण्याचीं चित्रें, भित्तिपत्रकें व फिल्मचे तुकडे जुन्या बाजारांत येत आहेत. अशा चित्रांत नटांच्या पाठीमागें दिसणाऱ्या खऱ्या पेढ्यांच्या पाट्या व मालाचे मार्के यांचा साधन म्हणून उपयोग कसा करावा व कोठें करूं नये, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

उदगीर येथील एका स्नेह्यांच्या संग्रहीं असें एक कृष्णधवल चित्र आहे. चित्रपटाचें नांव त्यावर नाहीं. पाठीवर विक्रेत्यानें शाईनें "१९५५" असा आकडा घातला आहे, व त्या आकड्याच्या मानानें किंमतहि घेतली आहे. नायक रस्त्यावर उभा आहे. त्याच्या मागें पानाचें दुकान, दुकानावर कोका-कोलाची पत्र्याची पाटी आणि त्यापलीकडे पेट्रोल पंपावर "भारत पेट्रोलियम" हीं अक्षरें दिसतात. कोका-कोला हें पेय भारतांत १९५० पासून मिळूं लागलें. १९७७ मध्यें कंपनीनें येथील व्यवहार गुंडाळला व १९९३ मध्यें ती परत आली. तेव्हां या पाटीवरून १९५५ हें वर्ष असंभाव्य ठरत नाहीं. परंतु पंपाची गोष्ट निराळी. बर्मा-शेल कंपनी सरकारनें जानेवारी १९७६ मध्यें ताब्यांत घेतली आणि तिला भारत पेट्रोलियम हें नांव १ ऑगस्ट १९७७ रोजीं मिळालें. म्हणजे हें चित्र त्या दिवसापूर्वींचें असूंच शकत नाहीं. विक्रेत्याचा आकडा निदान बावीस वर्षांनीं चुकला आहे.

मग कोका-कोलाची पाटी तेथें कशी, असें कोणी विचारील. पत्र्याची पाटी कंपनीबरोबर देश सोडून जात नाहीं. ती पाऊस अडविते, म्हणून पानवाला ती काढीत नाहीं. यांतूनच या साधनाचा मुख्य नियम निघतो : पाटीवरून काळाची पूर्वमर्यादा खात्रीनें मिळते, उत्तरमर्यादा मिळत नाहीं. एस्सो कंपनीच्या जागीं हिंदुस्तान पेट्रोलियम १९७४ मध्यें आली. थम्स अप हें पेय १९७७ मध्यें निघालें. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचें नांव १९९६ मध्यें बदललें. यांपैकीं नवें नांव दिसलें तर चित्र त्यानंतरचें हें निश्चित. जुनें नांव दिसलें तर मात्र कांहींच निश्चित नाहीं.

उत्तरमर्यादा हवी असल्यास चालत्या वस्तूंकडे पाहावें. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं कायमची थांबली. प्रवाशांनीं भरलेली ट्राम चित्रांत धांवत असेल तर तें दृश्य त्यापूर्वींचें होय. येथेंहि एक खांच आहे. निर्माते रस्त्यांचीं जुनीं दृश्यें सांठवून ठेवीत व पुढील चित्रपटांत तीं जोडून देत. म्हणून काळ ठरतो तो त्या दृश्याचा, सबंध चित्रपटाचा नव्हे. मागाहून शिवलेलीं पानें असलेली पोथी ज्यांनीं हाताळली आहे त्यांस हें वेगळें सांगावयास नको. आद्याक्षरांवरहि विसंबूं नये. मुंबईच्या बसवरील बी. ई. एस. टी. या अक्षरांत शेवटलें अक्षर पूर्वीं "ट्रामवेज"चें होतें. ऑगस्ट १९४७ मध्यें ती कंपनी महापालिकेकडे आल्यावर तें "ट्रान्सपोर्ट"चें झालें, आणि अक्षरें मात्र तींच राहिलीं. उलट, आमच्या उदगीर स्टेशनावरून जाणाऱ्या विकाराबाद-परळी मार्गाचे धनी बदलले तेव्हां अक्षरेंहि बदललीं : १९५१ पर्यंत निझाम स्टेट रेल्वे, नंतर मध्य, आणि १९६६ पासून दक्षिण मध्य.

आतां अशा पाट्या कोणत्या चित्रपटांत सांपडतात तें पाहूं. दादासाहेब फाळके यांच्या "राजा हरिश्चंद्र" (१९१३) पासून मराठी मंडळींनीं बहुतेक पौराणिक व ऐतिहासिक विषय हाताळले. तेथें पाटीचा संभव नाहीं. प्रभात कंपनी १९२९ मध्यें कोल्हापुरास निघाली व १९३३ मध्यें पुण्यास गेली. तिचे "कुंकू" (१९३७), "माणूस" (१९३९), "शेजारी" (१९४१) हे सामाजिक बोलपट खरे, परंतु त्यांचें जग मुख्यतः स्टुडिओंत उभारलेलें आहे. अशा रस्त्यावरील पाटी म्हणजे कंपनीच्या रंगाऱ्याचें काम. तत्कालीन पाट्यांची ढब कळण्यास ती उपयोगी, पेढीच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून निरुपयोगी. कॅमेरा मुंबईच्या खऱ्या रस्त्यांवर मोकळेपणें हिंडूं लागला तो "टॅक्सी ड्रायव्हर" (१९५४) सारख्या चित्रपटांत.

बासू चटर्जी यांच्या "छोटीसी बात" (१९७६) मध्यें खरें व खोटें शेजारीं शेजारीं बसलेलें आहे. त्यांतील सामोवार हें उपाहारगृह खरें : जहांगीर कलादालनांत तें १९६४ मध्यें सुरू झालें व २०१५ मध्यें बंद पडलें. तें कसें दिसे हें ज्यांना पाहावयाचें असेल त्यांना आतां हा चित्रपट हें एक चालतें-बोलतें साधन उरलें आहे. परंतु नायक ज्या जॅक्सन तोलाराम कंपनींत नोकरी करतो ती कथाकाराच्या कल्पनेंतली. "गोलमाल" (१९७९) मधील ऊर्मिला ट्रेडर्सहि तशीच. माझा अनुभव असा कीं, रचलेली पाटी चौकटीच्या मध्यभागीं, उजेडांत व पूर्ण वाचतां येईल अशी असते, आणि पात्रें तिचा उच्चार करतात. खरी पाटी कडेला अर्धी कापलेली असते, तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. हा ठोकताळाच होय. शेवटीं नांव टेलिफोनच्या जुन्या यादींत किंवा वर्तमानपत्रांतील जाहिरातींत सांपडल्यावांचून तें खरें धरूं नये.

तिसरा प्रकार मुद्दाम पुढें आणलेल्या मालाचा. "बॉबी" (१९७३) मधील एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत जीटीएस १७५ ही लहानशी मोटारसायकल पाठीमागें उभी नसून खुद्द नायक-नायिकेस घेऊन धांवते, आणि पुढें लोकांनीं त्या गाडीसच "बॉबी" म्हणावयास आरंभ केला. अशी वस्तु काळ उत्तम सांगते. पण त्या सालीं रस्त्यावर सर्वसाधारणपणें काय चाले हें तिच्यावरून ठरवूं नये. दूरदर्शननें १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती घेतल्या, व १९८४ मध्यें "हम लोग" ही मालिका मॅगी या मार्क्याच्या पुरस्कारानें निघाली. तेथें मार्का कथेच्या मागेंपुढें असे. पुनःप्रसारणांत व विक्रीच्या प्रतींत असा भाग गळतो. म्हणून त्या काळीं घरीं जाहिरातींसह मुद्रित केलेली व्हिडिओ कॅसेट ज्यांच्यापाशीं असेल त्यांनीं ती टाकूं नये. पाठ त्या प्रतींत अधिक पूर्ण आहे.

प्रतींविषयीं आणखी सावधगिरी हवी. "नया दौर" (१९५७) यास २००७ मध्यें रंग दिले गेले. त्या प्रतींतील पाटीचा रंग हा पुरावा नव्हे. रुंद पडद्यासाठीं छाटलेल्या प्रतींत वरखालच्या कडा जातात, आणि पाट्या बहुधा वरच्या कडेलाच असतात. आजच्या वाहिन्या कांहीं मार्के अस्पष्ट करून दाखवितात. खुद्द फिल्मची पट्टी हातीं असल्यास तिची कड पाहावी : ईस्टमन कोडॅक कंपनी तेथें वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणांनीं फिल्म तयार झाल्याचें वर्ष दर्शवी. हें आपलें जलचिन्हच. मात्र त्याच खुणा वीस वर्षांनीं पुन्हा येतात, व मूळ निगेटिव्हवरील खूण नकलेंतहि उतरूं शकते. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्यें स्थापन झालें, तोंपर्यंत मूकपटांपैकीं बहुतेक नष्ट झाले होते. जानेवारी २००३ मधील आगींत नायट्रेट फिल्मचा मोठा सांठाहि जळाला. त्यामुळें कडेच्या खुणांसह उरलेला हातभर तुकडाहि नोंदण्याजोगा आहे.

वर सांगितलेल्या चित्राच्या पाठीवरील आकडा आमच्या स्नेह्यांनीं खोडला नाहीं. त्याखालीं त्यांनीं पेन्सिलीनें "१ ऑगस्ट १९७७ नंतरचें, पंपाच्या पाटीवरून" असें लिहिलें, नोंद केल्याची तारीख घातली, आणि यादींतील त्याची जागा बदलली.