फोन तुमचा, मग किल्ली कोणाची?

भाग ऐकताना ज्यांचं नेट मधेच गेलं, आणि ज्यांनी "दादा, ते कलम पुन्हा सांगा" असे मेसेज टाकले, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय. बोललो तसंच लिहिलंय, फक्त माझं "अं... म्हणजे" तेवढं काढून टाकलं.

विषय निघाला तो अकोल्याच्या एका पोरामुळे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, पुस्तकं, चाचण्या, नोट्स सगळं फोनमध्ये. दहा महिन्यांपूर्वी चौदा हजारांचा फोन घेतला. कंपनीनं आधीच भरून दिलेली ॲप्स काही निघत नव्हती, जागा संपत आली, म्हणून त्यानं बूटलोडर अनलॉक केला आणि दुसरी, हलकी प्रणाली टाकली. फोन मस्त पळायला लागला. मग एक दिवस पॉवरचं बटन आत दबून बसलं. अकोल्यात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, म्हणून बसनं शंभरेक किलोमीटर अमरावतीला आला. काउंटरवरच्या माणसानं फोन सुरू केला, अनलॉकची सूचना पाहिली आणि म्हणाला, वॉरंटी गेली. त्याचा व्हॉइस मेसेज मला रात्री अकराला आला: "दादा, पैसे म्या देल्ले, मंग फोन कंपनीचा काऊन?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तराला तीन पदर आहेत.

पहिला पदर कुलपाचा. फोन सुरू होतो तेव्हा सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो, तोच बूटलोडर. प्रणालीवर कंपनीची डिजिटल सही आहे का, हे तो तपासतो आणि सही जुळली तरच पुढं जाऊ देतो. हे कुलूप निव्वळ दुष्टपणा नाही हो. चोरानं तुमचा फोन उचलला तर त्याला स्वतःची प्रणाली टाकून आतलं वाचता येऊ नये, हाही त्यामागचा हेतू आहे. म्हणूनच अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. आणि अनलॉक फोनवर बँकेची बरीच ॲप्स चालायला नकार देतात, हे आधीच लक्षात घ्या. अडचण कुलपाची नाही, किल्लीची आहे. काही कंपन्या मागितल्यावर किल्ली देतात, काही दिवसन् दिवस थांबवतात, काही देतच नाहीत.

दुसरं कुलूप सुट्या भागांचं. हल्ली स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा यांत छोटी चिप असते आणि तिचा क्रमांक मुख्य बोर्डाशी जुळवलेला असतो. दोन सारख्याच फोनांच्या अस्सल स्क्रीन अदलाबदल केल्या तरी काही फोन "अनोळखी भाग" अशी पाटी दाखवतात, काहींत एखादी सोय बंद पडते. राजकमल चौकाच्या बाजूला बसणारा कारागीर कितीही हुशार असू दे, त्याच्याकडे ती जुळणी करायचं सॉफ्टवेअर नसेल तर त्याचे हात बांधलेले.

दुसरा पदर कायद्याचा: हा गुन्हा आहे का? लोक फार घाबरतात, म्हणून नीट सांगतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५ अ आलं. तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण ते तोडणं कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूनं असलं पाहिजे. हा हेतूचा शब्द फार मोलाचा आहे. अमेरिकेचा १९९८ चा कायदा याहून कडक, तिथं फोनचं कुलूप उघडायला २०१० मध्ये आणि ट्रॅक्टरच्या सॉफ्टवेअरला हात लावायला २०१५ मध्ये खास सवलत द्यावी लागली. माझ्या मते आपल्याकडे स्वतःच्या फोनवर मुक्त परवान्याची प्रणाली टाकणं या कलमात बसत नाही. फुकटात चोरीचं ॲप घालणं मात्र वेगळी गोष्ट. आणि आयएमईआय नंबरला तर चुकूनही हात लावायचा नाही. दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोणी दुकानदार "नंबर बदलून देतो" म्हणाला तर चपला घाला आणि निघा.

आधीच भरलेल्या ॲप्सचं म्हणाल तर तिथं आपण जिंकता जिंकता राहिलो. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगानं गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि ही ॲप्स काढून टाकण्यापासून ग्राहकाला अडवू नका, असंही बजावलं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण हा आदेश रद्द केला. त्यामुळे सेटिंगमध्ये "डिसेबल" दिसलं तर तेवढ्यावर समाधान मानायचं.

तिसरा पदर वॉरंटीचा, आणि खरी भांडणं इथंच होतात. बटन यंत्राचा भाग आहे, बोटानं दाबलं जातं. त्याचा आणि प्रणालीचा संबंध काय? अनलॉक केल्यावर बॅटरी तापली, चार्जिंग बिघडलं, तर कंपनीच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं. पण "काहीतरी बदललं म्हणजे सगळंच गेलं" हे मला पटत नाही. अमेरिकेत १९७५ पासून असं सरसकट म्हणता येत नाही. आपल्याकडे फोनसाठी तसा थेट कायदा नाही. गाड्यांच्या बाबतीत मात्र २५ ऑगस्ट २०१४ चा स्पर्धा आयोगाचा निकाल आहे. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड झाला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू द्या, आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं आयोगानं सांगितलं. पुढं अपिलं झाली, पण तो विचार आता पुस्तकात आहे, आणि फोनच्या तक्रारीतही तो दाखवता येतो.

सरकार काय करतंय? जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. चार क्षेत्रं घेतली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल आलं. कंपन्यांचे दुरुस्तीचे तपशील तिथं सापडतात, पण कंपनीवर सक्ती करणारा कायदा अजून नाही. फोन किती दुरुस्त होण्यासारखा आहे याचे गुण खोक्यावर छापावेत, अशी शिफारस आली. फ्रान्समध्ये असे गुण दाखवणं जानेवारी २०२१ मध्येच सुरू झालं.

यादीत शेतीची अवजारं पहिली आहेत, हे आपल्या वऱ्हाडाला बरोबर लागू पडतं. इथं बॅटरीचा फवारणी पंप घेतला की पहिल्याच हंगामात त्याची बॅटरी मोठी होते. दुपारी डिस्चार्ज झालेला पंप घेऊन कपाशीत उभं राहायला कोणाला वेळ आहे? कोणी परवानगी विचारत नाही, कारण पंपाला सॉफ्टवेअर नाही. ट्रॅक्टरमध्ये कॉम्प्युटर शिरला की हीच गोष्ट अवघड होते. बियाण्याचंही बघा, २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, अगदी विकायचाही हक्क लिहून दिलाय, फक्त ब्रँडच्या नावानं विकायचं नाही. बियाण्याबाबत जे स्पष्ट लिहिलं गेलं, ते फोनबाबत कोणी लिहिलेलं नाही.

आता कामाचं. सर्व्हिस सेंटरनं नकार दिला तर तोंडी ऐकून परत फिरू नका. जॉबशीटवर कारण लिहून मागा: नेमका कोणता बदल, आणि त्यामुळे नेमका कोणता बिघाड. लिहून देत नसतील तर तिथूनच कंपनीला ईमेल करा. मग १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन. तरी जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे ऑनलाइन घेतलेल्या फोनसाठी अकोल्याच्या माणसानं अकोल्यातच करायची. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ऑनलाइन अर्ज ई-जागृतीवर. दोष कशामुळे हे तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, हा मुद्दा अर्जात जरूर मागा. एक बारकावा: "वॉरंटीची अटच अन्यायकारक आहे" असं म्हणायचं असेल तर ती तक्रार राज्य आयोगाकडे जाते. जिल्ह्यात भांडायचं तर सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी यावर भांडा.

आणि बाहेरच्या दुकानात दुरुस्ती केलीत तर बिलावर कोणता भाग टाकला ते लिहून घ्या, जुना भाग परत मागा आणि डब्यात ठेवून द्या. वाद झाला तर तोच दाखवता येतो.