रेड लिस्टवर ‘नामशेष’ दिसलं की पुढे काय वाचायचं? टास्मानियन वाघ आणि जावाचा पाकट

आययूसीएन रेड लिस्टची वेबसाइट मोबाईलवर उघडून मी दोन नावं शोधली: थायलासिन, म्हणजेच टास्मानियन वाघ, आणि जावा स्टिंगरी, म्हणजे आपल्या मासळी बाजारातल्या पाकटाचा लांबचा भाऊबंद. दोघांपुढे एकच शिक्का, ईएक्स. नामशेष.

शोधताना शास्त्रीय नावच टाका. ‘टास्मानियन वाघ’ हा वाघ नाहीच, तो कांगारूसारखा पिल्लू पिशवीत वाढवणारा शिशुधानी प्राणी. वर्गीकरण म्हणजे फोनमधले फोल्डर समजा. ‘प्राणी’ आणि ‘पृष्ठरज्जूधारी’ हे दोन फोल्डर दोघांचे एकच, पण ‘वर्ग’ आला की वाटा फुटतात. थायलासिन सस्तन प्राण्यांत जातो. पाकट जातो शार्कच्या घरात, जिथे सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो.

आता खरा फरक. थायलासिनचं सगळं रेकॉर्डवर आहे. टास्मानियाच्या सरकारने 1888 ते 1909 या काळात मारलेल्या प्रत्येक मोठ्या जनावरामागे एक पौंड बक्षीस दिलं. कायद्याचं संरक्षण मिळालं जुलै 1936 मध्ये, आणि शेवटचा ज्ञात प्राणी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला 7 सप्टेंबर 1936 ला. दोन महिनेसुद्धा नाहीत! थायलासिनची 1933 मधली फिल्म आजही यूट्यूबवर बघता येते.

आणि पाकट? 1862 मध्ये जकार्ताच्या मासळी बाजारात मिळालेला एकच नमुना, बस्स. फिल्म नाही, शेवटची तारीख नाही. बेसुमार मासेमारी आणि जकार्ताच्या किनाऱ्यावरचे उद्योग ही कारणं सांगितली जातात. जावाच्या बंदरांवर उतरणारी मासळी वर्षानुवर्षं तपासली, तरी तो सापडला नाही, तेव्हा कुठे डिसेंबर 2023 मध्ये शिक्का बसला. माणसामुळे नामशेष जाहीर झालेला हा पहिला समुद्री मासा.

म्हणून नुसता लाल-काळा गोल बघून स्क्रीनशॉट काढू नका. खाली स्क्रोल करा, ‘असेसमेंट’ची तारीख बघा आणि ‘जस्टिफिकेशन’ वाचा. निर्णय कशाच्या आधारावर घेतला ते तिथे असतं. इंग्रजी जड वाटलं तर ब्राउझरचं भाषांतर वापरा, कामापुरतं जमतं. मात्र ‘डीडी’ दिसलं तर ‘धोका नाही’ असं समजू नका हं. डीडी म्हणजे माहितीच अपुरी. शार्क आणि पाकटांच्या कितीतरी जाती अजून त्याच खणात पडून आहेत.